परत खाली का बसला नाहीत?

'नथूभाऊ, सलाम. माझी तब्येत ठीक आहे. एकच विचारायचे आहे. तुम्ही परत खाली का बसला नाहीत? उत्तर पाठवावे. दीना काळोखे.'

निळं आंतरदेशीय पत्र, तिन्ही बाजूंनी डिंक लावून पक्कं बंद केलेलं, आणि आत एवढंच. बाकी सगळा कागद कोरा. दोन हजार दोन साली ते नाशिकहून आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. लिहिलं नाही असं मात्र नव्हे. पंधरा-वीस मसुदे तरी झाले असतील. एक फार पाल्हाळिक झाला, एक नको तितका नम्र, एकात बायबलमधली तीन वचनं होती आणि उत्तर कुठेच नव्हतं. जन्मभर तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं जागेवर लावून ठेवणं मला जमतं. स्वतः लिहायला बसलो की प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणाची तरी वाटते.

दीनाबाई सोडणाऱ्यांतल्या नव्हेत. दर नाताळाला त्यांचं शुभेच्छापत्र येतं. वर तारा, मेंढपाळ, गोठा, आणि तळाशी मुख्याध्यापिकेच्या टपोऱ्या अक्षरांत, 'उत्तर यायचे आहे.' असे बावीस नाताळ झाले. गेल्या खेपेला लिहिलं होतं, 'वय पंचाहत्तर. किडनी ठणठणीत. उत्तर वाचल्याशिवाय मरणार नाही.' हे वाचून मला चक्क हायसं वाटलं. म्हणजे मी गप्प आहे तोवर बाई सुखरूप! भित्रा माणूस कारण कुठूनही शोधून काढतो.

किडनी माझी. म्हणजे दोन हजार एकपर्यंत माझी होती.

तो मार्चमधला एक रविवार होता. आमच्या इम्मानुएल चर्चला तेव्हा पत्र्याचं छप्पर होतं आणि पंखे तीनच. मी त्रेपन्न वर्षांचा, बिनलग्नाचा, मोठ्या बहिणीच्या म्हणजे मार्थाअक्काच्या हाताखाली वाढलेला आणि तिच्या मते अजून वाढत असलेला. माझी जागा डावीकडे, खांबामागे. तिथून पाळकसाहेब दिसत नसत, आणि त्यांनाही मी दिसत नसे. दोघांची सोय. शिवाय माझ्या गीतांच्या पुस्तकाच्या आत नेहमी दुसरं एक पुस्तक असे. त्या दिवशी रहस्यकथा होती. देवाच्या घरात रहस्यकथा वाचू नये हे मला कळतं. पण शेवटून दुसरं प्रकरण आलं होतं, खुनी बहुतेक डॉक्टर निघणार होता आणि उपदेश पाऊण तास चालायचा.

दीनाबाई मिशनच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि आमच्या गायकवृंदाच्या प्रमुख. गायकवृंद वेदीशेजारी, मंडळीकडे तोंड करून बसतो. त्यामुळे कोण पेंगतं, कोण कुजबुजतं, सगळं बाईंना दिसायचं. तरुणपणी त्यांनी मला गायकवृंदातून काढलं होतं. "नथूभाऊ, तुम्ही मनातल्या मनात गा. प्रभूला तेही ऐकू जातं." पण वर्षभर त्यांचाच आवाज क्षीण झाला होता. दोन्ही किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिस. नवऱ्याला, जयवंतरावांना, मधुमेह. भावाचा रक्तगट जुळेना. मूलबाळ नाही. हे सगळं मंडळीला पाठ होतं, आणि दर रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना होत होती.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेशाच्या शेवटी जे सांगितलं ते मला नंतर इतरांकडून कळलं. ते म्हणाले, "वर्षभर आपण मागतोय. आज वाटतं, प्रभूनं कधीच दिलंय. आपल्या प्रत्येकाच्या अंगात एक जास्तीची घालून ठेवली आहे. ज्याच्या मनाला तो स्पर्श करील त्यानं काही बोलू नये. नुसतं उभं राहावं. आपण वाट पाहू."

मग सगळी मंडळी माना खाली घालून शांत बसली.

मी ऐकली ती ही शांतता. आमच्या उपासनेत इतकं शांत एकदाच होतं, शेवटच्या आशीर्वादाआधी. मागे एक बाक करकरला. एक बाई रडणारं बाळ घेऊन बाहेर निघाली होती, पण मला वाटलं, लोक उठताहेत. मी गडबडीनं पुस्तक मिटलं आणि उभा राहिलो. मान खाली, डोळे बंद. रहस्यकथा निसटून फरशीवर फट्‌दिशी पडली. ती मी पायानं बाकाखाली सारली आणि आशीर्वादाची वाट पाहू लागलो.

आशीर्वाद काही येईना.

बऱ्याच वेळानं मी एक डोळा उघडला. सगळे बसलेले होते. उभा मी एकटा. पलीकडे बायकांच्या बाजूला मार्थाअक्कानं तोंडावर पदर धरला होता. पाळकसाहेब चष्मा हातात घेऊन रडत होते.

"ब्रदर नथानिएल..." ते म्हणाले.

मी म्हणालो, "आमेन."

दुसरं काय म्हणणार? आशीर्वादानंतर आमेनच म्हणतात.

त्यासरशी पेटी वाजू लागली. लोक बाकांवरून वाकून, बाकांना वळसे घालून माझ्याकडे आले. ज्यांनी तीस वर्षांत मला कधी वेळ विचारली नव्हती त्यांनी मिठ्या मारल्या. जयवंतराव माझे दोन्ही हात धरून नुसते हलवत राहिले. मी सगळ्यांना "असू दे, असू दे" म्हणत होतो. काय असू द्यायचं ते मला तिसऱ्या मिठीला कळलं.

घरी आल्यावर अक्कानं आधी मला पाणी दिलं आणि मग समोर बसली.

"नथू, तुला काय विचारलं होतं ते ठाऊक तरी होतं का?"

"आता ठाऊक आहे."

"उभा राहिलास तेव्हा?"

"आशीर्वाद वाटला."

अक्का हसायला लागली. इतकी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. मग डोळे पुसून म्हणाली, "ऊठ. पाळकसाहेबांकडे जा आणि सांग, चूक झाली."

"कसं सांगू?"

"तोंडानं."

"उद्या सांगतो."

"सुवर्णाच्या वडिलांनासुद्धा तू उद्या सांगतो म्हणाला होतास. सुवर्णाला आता नातू आहे."

मी उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. मनाशी म्हटलं, तपासण्या होतीलच. माझ्यासारख्या माणसाचं कुणाशी काय जुळणार? आणि जुळलं नाही की आपोआप सुटका. कुणाला दुखवायला नको, काही बोलायला नको. पुण्याला रक्त देऊन आलो. माझा रक्तगट ओ निघाला, कुणालाही चालणारा. आयुष्यात पहिल्यांदा मी सगळ्यांना चालत होतो! मग पुढच्या तपासण्या झाल्या. हृदय उत्तम, फुप्फुसं उत्तम, किडन्या तर तरुण माणसाच्या. बाईंच्या रक्ताशी माझं रक्त भांडेना. मंडळीत माझ्या प्रत्येक अहवालाबद्दल आभाराची प्रार्थना व्हायची आणि मी मनातल्या मनात, बाईंनी शिकवलं होतं तसा, नेमकी उलट प्रार्थना करायचो.

जूनमध्ये इस्पितळातल्या डॉक्टर केळुस्करबाईंनी मला एकट्याला बोलावलं. पाचव्या मजल्यावरची छोटी खोली. त्यांनी दार लावून घेतलं.

"ओहोळ, तुम्ही नात्यातले नाही, म्हणून सरकारी समितीसमोर जावं लागेल. ते मागाहून. त्याआधी देणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट सांगते. नको असेल तर नको म्हणा. आत्ता, इथे. मी घरच्यांना एवढंच सांगते की तपासण्यांत बसत नाही. का, ते सांगत नाही. तुमचं नाव कुठे खराब होत नाही."

"असं चालतं?"

"असंच चालतं. जबरदस्तीची किडनी मी काढत नाही."

खिडकीत एक कबुतर होतं. ते माझ्याकडे बघत होतं असं मला वाटलं. मी म्हणालो, "मग नको."

एवढं स्वच्छ, एका दमात मी उभ्या आयुष्यात काही बोललो नव्हतो.

"ठीक," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. "मी चार वाजता जयवंतरावांना बोलावते."

"त्यांना वाईट वाटेल."

"वाटेल."

"डॉक्टर, मी वाईट माणूस आहे का हो?"

"ओहोळ, मी किडनी तपासते. त्याचं मशीन माझ्याकडे नाही. जा, काहीतरी खाऊन घ्या. चेहरा उतरलाय."

चेहरा उतरला होता, पण पाय हलके झाले होते. लिफ्टची वाट न पाहता पाच मजले जिना उतरलो, शेवटच्या दोन-दोन पायऱ्या एकदम. तळमजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये गेलो आणि दोन बटाटेवडे मागवले. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चटणी तिखट होती, वडा गरम होता, दोन्ही किडन्या माझ्या होत्या. इतका चविष्ट वडा मी त्याआधी खाल्ला नव्हता. दुसरा अर्धा झाला असेल, तेवढ्यात समोरची खुर्ची सरकली.

"बसू का?" दीनाबाई म्हणाल्या, आणि बसल्या.

त्यांचं डायलिसिस नुकतंच आटोपलं होतं. हाताला पट्टी होती. जयवंतराव औषधांच्या रांगेत होते. बाईंचा चेहरा मातकट झाला होता, पण पातळाची इस्त्री कडक होती. मी हातातला वडा बशीत ठेवला.

"वडा खा, वडा खा. मी शाळा तपासायला आले नाहीये." त्यांनी पर्समधून औषधाच्या बाटलीचं एक झाकण काढून टेबलावर ठेवलं. "नथूभाऊ, तुम्हाला एक सांगायचं होतं. बरं झालं एकटे सापडलात. तुमचं पुस्तक पडलेलं मी पाहिलंय."

"कोणतं पुस्तक?"

"हे बघा, मी तीस वर्षं मुली वाढवल्या. दप्तरात काय आहे ते मला बाहेरून कळतं. पुस्तक पडलं, तुम्ही ते पायानं ढकललंत, आणि डोळे मिटून आशीर्वादाची वाट बघत उभे राहिलात. तुम्ही 'आमेन' म्हणालात तेव्हा मला इतकं हसू आलं, वर्षभरात पहिल्यांदा. लोकांना वाटलं, मी रडतेय."

मी वड्याचा तुकडा तोडून तोंडात घातला.

"तेव्हाच सांगायला हवं होतं मी. सांगितलं नाही. कारण आशा वाटली. माणूस फार लबाड असतो हो, नथूभाऊ. मनात म्हटलं, चुकून का होईना, उभा राहिलाय ना. पण परवा प्रार्थनेला बसले आणि मागवेना. आपण देवाकडे मागतो, पण त्याला ते कुणाच्या तरी अंगातून काढून द्यावं लागतं. तेव्हा मी मागणं थांबवलं. तुम्ही मोकळे आहात. जयवंतरावांना मी सांगेन. पाळकसाहेबांनाही सांगेन. तुम्ही काही बोलायचं नाही."

मी आधीच मोकळा होऊन आलोय, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण तोंडात वडा होता. आणि तो नसता तरी मी बोललो नसतो.

कॅन्टीनवाल्यानं पाण्याचा ग्लास आणून ठेवला. उंच स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला, बाहेरून घामेजलेला. बाईंचं बोलणं थांबलं. त्या ग्लासाकडे बघू लागल्या.

"तुम्हाला हवं का?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"माझं हे," त्यांनी ते झाकण दाखवलं. "दिवसाचं पाणी मोजून. चहा, आमटी, सगळं त्यातच. अशी आठ झाकणं उरली आहेत रात्रीपर्यंत." मग एकदम पुढे वाकल्या. "तुम्ही प्या."

"मला तहान नाही."

"नसू दे. प्या. मला बघायचंय."

मी एक घोट घेतला.

"असं चिमणीसारखं नव्हे! मान वर करा. घटाघटा."

बाईंनी असं म्हटल्यावर न ऐकण्याची माझी काय टाप? मी मान वर केली आणि प्यायलो. पाणी हनुवटीवरून शर्टावर गेलं. बाई हसल्या.

"गळ्याची घाटी कशी वरखाली होते! आणखी एक. अहो, इकडे एक ग्लास द्या!"

दुसरा ग्लास आला. तोही प्यायलो. शेजारच्या टेबलावरचे दोघं खाणं सोडून बघत होते. तिसऱ्या ग्लासाला बाईंनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पोटात पाणी डुचमळत होतं, शर्ट भिजला होता आणि मलाही हसू येत होतं, का ते कळत नव्हतं.

"आता सांगा, कसं लागतं?"

"गार."

"कुठपर्यंत?"

"इथपर्यंत." मी छातीच्या खाली हात ठेवला.

"इथपर्यंत," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले आणि तोंडात काहीही नसताना एक आवंढा गिळला. फार अवघड गेला तो गिळायला. मग डोळे उघडून म्हणाल्या, "छान. आता चहा मागवा स्वतःला. मी चहा बघणार नाही, चहाचं मला काही नाही."

घड्याळात तीन पन्नास झाले होते. मी उठलो.

"कुठे?"

"वर. आलोच."

"अहो, वडा?"

वडा तिथेच राहिला. लिफ्टसमोर स्ट्रेचर होतं, म्हणून जिना धरला. तीन ग्लास पाणी पोटात घेऊन पाच मजले चढणं सोपं नव्हे. प्रत्येक पायरीला मी आतून वाजत होतो. घाईत मजला चुकला. दार ढकललं तर आत बाळंतिणींचा कक्ष. एका आजोबांनी मला नातेवाईक समजून मिठी मारली आणि हातावर पेढा ठेवला, "मुलगी झाली! मुलगी!" मी "अभिनंदन, अभिनंदन" म्हणत मागच्या मागे बाहेर पडलो, आणखी एक मजला चढलो आणि डॉक्टर केळुस्करांच्या दाराशी पोचलो.

जयवंतराव आत होते. खुर्चीच्या कडेला टेकलेले, हातात टोपी. डॉक्टर बोलायला सुरुवात करणार होत्या.

"डॉक्टर!" मी म्हणालो. धाप इतकी लागली होती की पुढचा शब्द येईना. दोघं माझ्याकडे पाहत होते. भिजलेला शर्ट, हातात पेढा. जयवंतरावांसमोर खरं बोलता येत नव्हतं. "डॉक्टर, मघाशी मी जे म्हणालो... त्याच्या उलट."

"उलट?"

"पूर्ण."

डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाल्या, "जयवंतराव, जरा बाहेर बसता का? आमचं एक तपासायचं राहिलंय."

ते गेल्यावर त्यांनी दार लावलं. "खाली कुणी काही बोललं? दबाव आणला?"

"नाही. त्यांनी तर मला मोकळं केलं. तुम्हीही केलंत."

"मग चाळीस मिनिटांत झालं काय?"

"पाणी प्यायलो."

"आणि?"

"तीन ग्लास."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ओहोळ, पंधरा दिवसांनी परत या. मी परत विचारीन. तेव्हाही हेच म्हणालात तर पुढे जाऊ. जयवंतरावांना आज मी एवढंच सांगते की तपासण्या अजून चालू आहेत. आणि तो पेढा खा आता, वितळतोय."

पंधरा दिवसांनी मी हेच म्हणालो. मग समितीपुढेही हेच. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "नातं काय तुमचं?" मी म्हणालो, "त्यांनी मला गाण्यातून काढलं होतं." त्यांनी ते लिहून घेतलं की नाही, ठाऊक नाही. मंजुरी मिळाली खरी.

भीती गेली असं कुणी समजू नये. ऑगस्टमध्ये मला आत नेलं तेव्हा स्ट्रेचरच्या दांडीवर माझे दात आपटतायत की काय, असं वाटत होतं. पाळकसाहेबांनी मस्तकावर हात ठेवून सुंदर प्रार्थना केली, तिच्यातला एक शब्द मला आठवत नाही. माझी स्वतःची आठवते. मी म्हणालो, प्रभू, तू मला फसवून उभं केलंस. हरकत नाही. पण आता हात सोडू नकोस.

शुद्धीवर आलो तर कुशीत आग पेटलेली आणि उशाशी अक्का. ती काही बोलणार इतक्यात वॉर्डचं दार धाडकन उघडून जयवंतराव आत आले. सत्तर किलोचा गंभीर माणूस, पोस्टातून निवृत्त झालेला, दोन्ही हात वर करून नाचत होता.

"झाली! झाली! लगेच झाली! टेबलावरच झाली!"

शेजारच्या पलंगावरच्या माणसानं विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"लघवी!" जयवंतराव ओरडले. "लघवी झाली! पिशवी भरली! दुसरी लावलीय!"

अक्कानं हातातली मोसंबी खाली टाकली आणि "प्रभूची स्तुती असो" म्हणून जयवंतरावांचे खांदे धरले. मला हसताना टाके ओढले जात होते, मी "हसवू नका, हसवू नका" म्हणत होतो, आणि शेजारचा माणूस काही न कळून टाळ्या वाजवत होता. पुढच्या रविवारी मंडळीत त्याबद्दल आभार मानले गेले. पाळकसाहेबांना प्रार्थनेत योग्य शब्द सापडेना. ते 'जलप्रवाह' म्हणाले असं मी ऐकलं.

चौथ्या दिवशी नर्स एक चिठ्ठी घेऊन आली. 'आज दोन ग्लास. घटाघटा. दी. का.'

त्यानंतर काळोखे दांपत्य जयवंतरावांच्या गावी, नाशिकला राहायला गेलं. वर्षानं ते निळं पत्र आलं. आणि मी गप्प राहिलो. मंडळीत मी तोवर विश्वासाचा नमुना झालो होतो. लहान मुलांना माझं उदाहरण देत. खांबामागच्या माझ्या जागेवर कुणी बसत नसे. अशा माणसानं काय उत्तर द्यायचं?

परवा आमचे नवे पाळकसाहेब घरी आले. वयानं माझ्या भाच्याएवढे, उत्साही. चर्चमध्ये अवयवदानाचा रविवार करायचा आहे, लोकांकडून अर्ज भरून घ्यायचे आहेत.

"काका, तुमची साक्ष हवी. प्रभूनं हाक मारली आणि तुम्ही तत्काळ उभे राहिलात, एकदाही मागे पाहिलं नाहीत. लोकांना तेच ऐकायचंय."

"आणि मागे पाहिलं असेल तर?"

ते हसले. "तुम्ही?"

"अर्ज द्या," मी म्हणालो. "उरलंय ते सगळं लिहून देतो. डोळे तेवढे वाचून वाचून झिजलेत, चालतील का बघा. साक्षीचं उद्या सांगतो."

ते गेले आणि मी त्यांच्याच पेनानं, उभ्या उभ्या, अर्जाच्या मागच्या कोऱ्या कागदावर लिहायला लागलो. दुसरा मसुदा केला नाही.

'दीनाबाई, सलाम. तुम्ही विचारलंत, परत खाली का बसला नाहीत. बसलो होतो. चाळीस मिनिटं. तुम्ही कॅन्टीनमध्ये आलात तेव्हा मी डॉक्टरांना नाही म्हणून आलो होतो, आणि सुटलो या आनंदात वडा खात होतो. तुम्हाला हे कुणी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. तुम्ही मला मोकळं केलंत तेव्हा मी आधीच मोकळा होतो. मग तुम्ही मला पाणी प्यायला लावलंत आणि बघत बसलात. तुम्ही तो आवंढा गिळलात तेव्हा मला एवढंच वाटलं की या बाईला एक पूर्ण ग्लास पाणी मिळावं. श्रद्धा म्हणावं असं त्या दिवशी माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. तेवढं पुरतं का, हे मला तेवीस वर्षं ठरवता आलं नाही, म्हणून उत्तर राहिलं. तुम्ही ठरवा. मंडळीला मी येत्या रविवारी हेच सांगणार आहे. त्याआधी तुम्हाला कळावं. नथानिएल ओहोळ.'

पाकिटाला तिकीट लावलं आणि पोस्टात गेलो. राखीचे दिवस, पेटीपुढे रांग होती. माझी पाळी आली. हात पेटीच्या तोंडात गेला आणि तिथेच थांबला. पाकीट बोटांतून सुटेना. वाटलं, 'एवढंच वाटलं' हे जरा उथळ झालं का? 'वडा' नको होता का? घरी नेऊन एकदा नीट वाचावं का?

"ओ आजोबा," मागून एक बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात राख्यांची चार पाकिटं होती. "टाकताय, की नुसतं दाखवताय पेटीला?"

"टाकतोय, टाकतोय," मी म्हणालो, आणि टाकलं.